धुरक्यातले गुन्हे मराठीत : व्हिक्टोरियन धाटणीची नवी हेरकथा कशी लिहावी

माझ्या पहिल्या व्हिक्टोरियन हेरकथेत १८८५ सालच्या लंडनमधला एक हेर ब्रँडीच्या पेल्यावरचे बोटांचे ठसे भिंगातून पाहतो आणि खुनी ओळखतो. कथा एका दिवाळी अंकाकडे पाठवली, ती परत आली. संपादकांनी समासात एवढेच लिहिले होते : 'स्कॉटलंड यार्डात ठशांचा विभाग १९०१ साली सुरू झाला.' राणी व्हिक्टोरिया त्याच वर्षी जानेवारीत वारली. म्हणजे माझ्या कथेतला पुरावा तो काळ संपल्यावर जन्माला आला होता. धुके होते, घोडागाडी होती, उंच टोपी होती, पण काळ नव्हता.

तेव्हापासून मी एका गोष्टीवर ठाम आहे. या कथांची चव सजावटीत नसते, त्या काळाच्या उणिवांत असते. बातमी किती वेळाने पोहोचत होती, विज्ञानाला काय जमत नव्हते, कोणाच्या शब्दाला किंमत नव्हती, या तीन उणिवांवर कथानक उभे राहते. पुढच्या सगळ्या पायऱ्या यातूनच निघाल्या आहेत. समजायला सोपे जावे म्हणून एकच काल्पनिक कथा घेऊन ती हळूहळू बांधू.

आधी साल पक्के करा

'व्हिक्टोरियन काळ' म्हणजे १८३७ ते १९०१, चौसष्ट वर्षे. एवढ्या वर्षांत जग ओळखू न येण्याइतके बदलले. म्हणून दशक ठरवून भागत नाही. साल, महिना आणि वार ठरवा. आपल्या कथेसाठी मी नोव्हेंबर १८९३ निवडतो. त्या वर्षी ६ नोव्हेंबरला सोमवार होता. कथेतली प्रत्येक तारीख अशी दिनदर्शिकेवर टाकून पाहा, कारण रविवारी त्या लंडनमध्ये बहुतेक दुकाने बंद असत आणि तुमचा संशयित रविवारी दुपारी मोजे विकत घेऊ शकत नाही.

मग त्या सालाचा एक पानाचा तक्ता करा. लंडनमध्ये १८२९ पासून संघटित पोलीस दल आहे, १८४२ पासून त्यात गुप्त पोलिसांची छोटी शाखा आहे. १८७७ साली याच शाखेतल्या अधिकाऱ्यांवर लाचखोरीचा खटला चालला आणि १८७८ मध्ये नव्याने सीआयडी उभी राहिली. म्हणजे १८७९ च्या कथेत एखादा गृहस्थ पोलिसांना सोडून खासगी हेराकडे गेला, तर त्यामागे लोकांच्या मनातला ताजा अविश्वास आहे. १८९३ मध्ये तो अविश्वास जुना झालेला असेल. भुयारी रेल्वे १८६३ पासून धावते आहे, पण वाफेच्या इंजिनावर. विजेवरची भुयारी गाडी १८९० मध्ये आली. टेलिफोन आहे, मात्र मोजक्या कचेऱ्यांत. वीज श्रीमंतांकडे, बाकी घरांत गॅसचे दिवे.

ठशांचे काय? बंगालमध्ये विल्यम हर्शेल यांनी १८५८ पासून करारपत्रांवर हाताचे ठसे घ्यायला सुरुवात केली होती. १८८० साली हेन्री फॉल्ड्स यांनी 'नेचर'मध्ये गुन्हेगार ओळखण्यासाठी ठसे वापरण्याची कल्पना मांडली, १८९२ मध्ये फ्रान्सिस गॉल्टन यांचे ठशांवरचे पुस्तक आले, आणि १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचा विभाग उभा राहिला, लंडनच्याही आधी. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी तिथे वर्गीकरणाची किचकट पद्धत बसवली. तेव्हा १८९३ मधल्या आपल्या हेराने गॉल्टन वाचलेला असू शकतो, त्याला ठसा दिसूही शकतो, पण जुळवून पाहायला पोलिसांकडे संग्रहच नाही. माहीत असून हात बांधलेले, ही अवस्था कथेला सोन्यासारखी.

रक्ताचेही तसेच. डाग माणसाच्या रक्ताचा की बैलाच्या, हे खात्रीने सांगणारी चाचणी १९०१ मध्ये आली. त्याआधी खाटकाने 'हे बैलाचे रक्त' म्हटले की विषय संपला. उलट आर्सेनिक ओळखणारी मार्शची चाचणी १८३६ पासून होती, आणि १८५१ च्या कायद्याने आर्सेनिक विकणाऱ्याला गिऱ्हाइकाची नोंदवही ठेवावी लागे व किरकोळ विक्रीच्या मालात काजळी किंवा नीळ मिसळावी लागे. पांढऱ्या खिरीत निळसर छटा! ही एक ओळ कित्येक काल्पनिक विषांपेक्षा मोलाची आहे.

बातमीचा वेग मोजा

हा भाग मला सगळ्यांत आवडतो, म्हणून जरा थांबतो. आज कोणाला काय केव्हा कळले याला कथेत अर्थ उरलेला नाही, कारण सगळ्यांना सगळे लगेच कळते. त्या काळात मात्र प्रत्येक बातमीला पाय होते आणि ते मोजता येत होते. मध्य लंडनमध्ये टपाल दिवसातून दहा-बारा वेळा वाटले जाई. सकाळी लिहिलेल्या चिठ्ठीचे उत्तर दुपारी येई. देशांतर्गत तार १८८५ पासून बारा शब्दांना सहा पेन्स. मुंबईशी समुद्राखालून तार १८७० मध्ये जोडली गेली होती, पण तिचा दर शब्दागणिक शिलिंगांत, म्हणून लोक कंजुषीने शब्द वापरत. आणि मुंबईचे पत्र? सुवेझमार्गे बोटीने, आठवड्यातून एकदा, दोन आठवड्यांहून जास्त वेळ घेऊन.

आता कथा. मुंबईत कापसाचा व्यापार करणारा एक इंग्रज म्हातारा सोमवारी ६ नोव्हेंबरला वारतो. लंडनमध्ये त्याचा पुतण्या आहे. म्हाताऱ्याचे मृत्युपत्र एका सॉलिसिटरच्या कचेरीत आहे, आणि तिथला कारकून बुधवारी १५ तारखेच्या रात्री ब्लूम्सबरीतल्या आपल्या भाड्याच्या खोलीत मेलेला सापडतो. मृत्युपत्र नाहीसे झाले आहे. पुतण्या शांतपणे सांगतो, 'काका गेल्याचे मला गुरुवारी सकाळी मुंबईच्या टपालाने कळले. बुधवारी रात्री मला त्या कागदाशी काय देणेघेणे?'

सहा तारखेचा मृत्यू सोळा तारखेच्या पत्रात येऊच शकत नाही. त्याला तार आली होती, आणि तारेच्या कागदावर तारीख असते म्हणून तो तारेचे नाव घेत नाही. रहस्य एवढेच. त्यात यंत्र नाही, दुर्मीळ विष नाही, गुप्त दरवाजा नाही. हे रहस्य फक्त त्याच काळात घडू शकते, आणि तुमच्या प्रत्येक कल्पनेला हीच कसोटी लावा : ती आजच्या पुण्यात जशीच्या तशी चालत असेल, तर ती व्हिक्टोरियन नाही.

धागा लपवायचा, पण उघड्यावर

वाचकाला फसवायचे नाही. हेराला जे कळले ते वाचकाच्याही डोळ्यांसमोरून गेलेले असले पाहिजे. जुन्या कथांनी हा नियम नेहमी पाळला नाही. हेर खाली वाकून काहीतरी उचलतो, खिशात टाकतो आणि आपल्याला शेवटपर्यंत दाखवत नाही. आजचा वाचक हे सहन करत नाही, आणि त्याचे बरोबर आहे.

सोपी युक्ती अशी की धाग्याचे दोन तुकडे करावेत आणि दोन वेगळ्या भावनांत गुंडाळावेत. आपल्या कथेत पहिला तुकडा म्हणजे मृत्यूची तारीख. ती पुतण्याच्या दिवाणखान्यात, काळ्या किनारीच्या सुतकी कार्डावर छापलेली आहे. निवेदकाला ते कार्ड दिसते तेव्हा तो किनारीच्या रुंदीबद्दल बोलतो, कारण पुतण्याचे दुःख खरे की दिखाऊ असा त्याला प्रश्न पडलेला असतो. वाचकाचे लक्ष दुःखाकडे जाते, तारीख नुसती वाचली जाते. दुसरा तुकडा मृत कारकुनाच्या घरमालकिणीकडे. तिचा मुलगा पुण्याच्या छावणीत शिपाई आहे. चहा ओतताना ती म्हणते, 'पोराचं पत्र यायला दोन आठवडे लागतात, वर दोन-चार दिवस. तोवर तो आजारी पडून बराही झालेला असतो.' इथे वाचकाला तिची कीव येते, आणि तो आकडा कानामागे पडतो.

हे लिहिताना मला एक गोष्ट उमगली, ती कथेपेक्षा मोठी वाटते. पत्राला किती दिवस लागतात हे घरमालकिणीला माहीत आहे, कारण ती वाट पाहते. पुतण्याला माहीत नाही, कारण त्याने कधी कोणाच्या पत्राची वाट पाहिलेली नाही. गुन्हेगाराची चूक त्याच्या स्वभावातून आली की उलगडा खरा वाटतो. नुसता निष्काळजीपणा म्हणून हातमोजा विसरलेला खुनी मला कधीच पटत नाही.

एक वही करा आणि पानावर तीन उभे रकाने आखा : खरोखर काय घडले, निवेदकाने काय पाहिले, त्या क्षणी वाचकाला काय वाटावे. पहिला रकाना शेवटच्या ओळीपर्यंत भरल्याशिवाय कथेचे पहिले वाक्य लिहू नका.

हेर आणि त्याच्या शेजारचा माणूस

आर्थर कॉनन डॉयल यांना एडिंबरात डॉ. जोसेफ बेल शिकवत. रोगी तोंड उघडण्याआधी त्याचा व्यवसाय, त्याचा प्रवास सांगून मोकळे होणारे. डॉयल यांच्या शेरलॉक होम्सची पद्धत तिथून आली, आणि ती वकिलाची नाही, वैद्याची आहे : आधी नीट पाहणे, मग लक्षणांवरून कारणाकडे जाणे. म्हणून नवा हेर घडवताना त्याच्या लकबींपासून सुरुवात करू नका. व्हायोलिन, पाइप, विक्षिप्त झोपेच्या वेळा हे सगळे दुसऱ्याचे कपडे आहेत. तो कोणत्या कामामुळे पाहायला शिकला, ते आधी ठरवा. विमा कंपनीत आगीचे दावे तपासणारा माणूस जळालेली खोली वेगळी पाहील. कपडे शिवणारी बाई बाहीवरून माणूस वाचील. बाई हेर नको असे मानू नका. इंग्रजीत बाई हेराच्या कथा १८६४ सालीच छापून आल्या, पोलिसात बाई अधिकारी नव्हत्या तेव्हा.

निवेदक हेराइतकाच महत्त्वाचा. तो मंद नसावा. तो चांगला, समंजस माणूस असावा आणि त्याला एखादी गोष्ट पाहता येत नसावी, कारण त्याचे मन तिकडे वळत नाही. आपल्या कथेत निवेदक भला आहे, पण नोकरमाणसांकडे पाहायची त्याला सवय नाही. पुतण्याच्या घरचे दार उघडणारी मोलकरीण मुलगी त्याच्या वर्णनात 'दार उघडले गेले' एवढीच उरते. वाचकही तिला विसरतो. आणि तार घेऊन आलेल्या पोऱ्याकडून तो लिफाफा तिनेच घेतलेला असतो.

मराठी लेखकासाठी इथे एक दार उघडे आहे आणि त्यात फारसे कोणी शिरलेले मला दिसत नाही. रखमाबाई १८८९ मध्ये इंग्लंडला गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. पंडिता रमाबाई त्याआधी वाँटिज आणि चेल्टनहॅमला राहून गेल्या होत्या. त्यांना पात्रे करा असे मी म्हणत नाही; खऱ्या माणसांच्या तोंडी संवाद घालताना हात थरथरला पाहिजे. पण त्या काळच्या लंडनमध्ये शवविच्छेदन शिकणारी एक मराठी विद्यार्थिनी असू शकत होती, हे इतिहासाने सिद्ध केलेले आहे. ती निवेदक झाली तर त्या शहराकडे पाहणारे डोळेच बदलतात.

यालाच जोडून. जुन्या इंग्रजी हेरकथांत हिंदुस्थानातून हिरा येतो, लुटीचा खजिना येतो, साप आणि विष येते. 'द मूनस्टोन' ही १८६८ ची कादंबरी श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या लुटीपासून सुरू होते. धाटणी घेताना ही नजरही नकळत उचलली जाते. ती उचलू नका. तो हिरा कोणाच्या देवळातून गेला, हे आपल्याला माहीत आहे. त्या माहितीसकट लिहा.

कायदा कथेला मुदत देतो

खुनाच्या आरोपीला स्वतःच्या बचावासाठी शपथेवर साक्ष देण्याचा हक्क १८९८ मध्ये मिळाला. त्याआधी जीव ज्याचा टांगणीला, त्यालाच शपथेवर बोलता येत नसे. फौजदारी अपिलाचे न्यायालय १९०७ पर्यंत नव्हते. शिक्षा सुनावल्यावर फाशीपर्यंत साधारण तीन रविवार जाऊ देत. आपल्या कथेत संशय कारकुनाच्या खोलीसोबत्यावर आला आणि त्याला शिक्षा झाली, तर तुमच्या हेरापाशी तीन रविवार आहेत. वेगळा ताण निर्माण करावा लागत नाही. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा १८८२ चा. १८६५ च्या कथेत लग्न करणारी वारसदार बाई आणि १८९३ च्या कथेतली तशीच बाई यांच्या नवऱ्यांचे हेतू वेगळे असतील.

बांधणी

मासिकांतल्या त्या कथा इंग्रजीत सात ते दहा हजार शब्दांच्या असत. 'स्ट्रँड' मासिक जानेवारी १८९१ मध्ये निघाले आणि जुलैपासून त्यात होम्सच्या लघुकथा येऊ लागल्या. प्रत्येक अंकात पूर्ण होणारी कथा, पण नायक तोच : मागचा अंक चुकला तरी वाचक तुटत नसे. मराठीत सहा हजार शब्द पुरतात.

सुरुवात खोलीत, गिऱ्हाईक येण्याने. त्याची हकिगत त्याच्याच तोंडून, न तोडता, दोन-तीन पाने चालू द्या. इथे घाई करणारे लेखक मी पाहतो आणि हळहळतो, कारण हकिगत सांगणाऱ्याचा खोटेपणा त्याच्या वाक्यांच्या चालीतच सापडायचा असतो. मग जागेवर जाणे, मग एक शांत संध्याकाळ, मग सापळा, मग उलगडा. उलगडा कथेच्या सहाव्या हिश्श्याहून मोठा होऊ देऊ नका.

मराठीचा प्रश्न

इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू' आहे. आपल्याला निवडावे लागते, आणि हे ओझे नाही, भाग्य आहे. हेर आणि निवेदक एकमेकांना 'तू' म्हणतात का? मी पहिल्या कथेत 'तुम्ही' ठेवतो आणि चौथ्या-पाचव्या कथेत, एखाद्या धोक्याच्या रात्री, नकळत 'तू' येऊ देतो. इन्स्पेक्टर लॉर्डला 'आपण' म्हणेल आणि मोलकरणीला 'तू'. आपला हेर मोलकरणीला 'तुम्ही' म्हणाला, तर त्या एका शब्दाने ती बोलायला तयार होते. इंग्रजीत हे करता आलेच नसते.

शब्द निवडताना घर बदलणार नाही असे पाहा. 'शेगडी' लिहिले की वाचक कोल्हापुरात पोहोचतो; 'फायरप्लेस' राहू द्या. 'साहेब' शब्दाने लंडनची मुंबई होते. 'कॉन्स्टेबल', 'इन्स्पेक्टर', 'गिनी', 'शिलिंग' आहेत तसेच ठेवा, पण बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड आणि एकवीस शिलिंगांची गिनी हे हिशेब लेखकाच्या डोक्यात पक्के हवेत. लंडनच्या धुक्याला आपल्याकडे अचूक शब्द आहे : धुरके. ते दवाचे पांढरे धुके नव्हतेच, कोळशाच्या धुराने पिवळे पडलेले, घशात खवखवणारे होते. आणि ते कथेत एकदाच आणा, तेही कोणालातरी काहीतरी दिसू नये म्हणून.

वाक्यांची चाल हवी असेल तर त्याच काळातले मराठी वाचा. 'केसरी' १८८१ चा, हरिभाऊ आपट्यांचे 'करमणूक' १८९० चे, म्हणजे 'स्ट्रँड'च्या जरा आधीचे. त्यातली लांब, तोल सांभाळणारी वाक्ये, 'असो' म्हणून विषय मिटवण्याची रीत, ही अस्सल समकालीन आहे. फक्त प्रमाण जपा. दर पानावर एखादे वाक्य त्या चालीचे पुरे.

सामग्री कुठे मिळते

ओल्ड बेली न्यायालयाच्या १६७४ ते १९१३ पर्यंतच्या खटल्यांची कार्यवाही इंटरनेटवर फुकट वाचता येते. दाया, गाडीवान, गहाणदार कसे बोलत, ते तिथे आहे. रोज एक खटला वाचा. कोणत्याही कादंबरीपेक्षा जास्त शिकाल. चार्ल्स बूथ यांनी लंडनच्या गल्ल्या गरिबी-श्रीमंतीनुसार रंगवलेले नकाशे आहेत, काळा रंग सर्वांत खालच्या वस्तीला, पिवळा सर्वांत श्रीमंतांना. पात्र कुठे राहते ते ठरवताना गल्लीचा रंग पाहा.

होम्सलाच घेऊन लिहायचे असेल तर : डॉयल १९३० मध्ये वारले, भारतात आणि ब्रिटनमध्ये त्यांच्या लेखनावरचे हक्क संपले आहेत, अमेरिकेत शेवटच्या कथाही २०२३ च्या सुरुवातीला मोकळ्या झाल्या. पण चित्रपट-मालिकांनी नंतर घातलेली भर त्यांच्या मालकीची आहे, ती टाळा. माझे मत विचाराल तर स्वतःचा हेर घडवा.

शेवट कुठे करायचा

पुतण्या पकडला गेला तिथे नाही. त्या लंडनमध्ये मोलकरणीला नवे काम मिळायचे तर आधीच्या मालकाची चांगल्या वर्तणुकीची चिठ्ठी लागे. तार आपण घेतली हे ती मुलगी इतके दिवस बोलली नाही, ते याच भीतीने. आणि बोलली तेव्हा मालक तुरुंगात गेला, चिठ्ठीही गेली. उलगडा झाल्यावर सगळे निघून जातात. निवेदक जिन्यावर तिला पहिल्यांदा नीट पाहतो, तिचे नाव विचारतो. मग परत वर जातो, दौत पुढे ओढतो आणि आपल्या बहिणीला पत्र लिहायला बसतो : 'तुझ्याकडे एका मुलीची जागा आहे म्हणाली होतीस.'